कुणाचीही किल्ली

त्या पांढऱ्या गाड्यांमध्ये दोष निघाला तो असा, की त्या चालू व्हायच्या. कुणाच्याही किल्लीने चालू व्हायच्या. इग्निशनच्या लॉकमध्ये बारीक दाते असतात, त्यांच्यामुळे लॉक आपली किल्ली ओळखतं आणि दुसऱ्याची नाकारतं. हे दाते कारखान्यात मऊ धातूचे पडले होते. चार दिवस वापरले की झिजून सपाट. मग त्या लॉकला आपलं-परकं कळेनासं व्हायचं. दारांनाही तीच किल्ली, त्यामुळे दारांचीही तीच गत. त्या लॉटमधल्या सगळ्या गाड्या परत बोलावून त्यांना नवं लॉक बसवून द्यायचं असं कंपनीने ठरवलं, आणि हे लोढणं येऊन पडलं ताईच्या गळ्यात.

ताई सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर बसायची. मालकांपासून मेकॅनिकपर्यंत सगळे तिला ताईच म्हणायचे, तिच्या वडिलांच्या वयाचे ग्राहकसुद्धा. ग्राहकाची तक्रार ऐकून ती मेकॅनिकला कळेल अशा भाषेत सांगायची, आणि मेकॅनिकने जे सांगितलं ते ग्राहकाला झेपेल अशा भाषेत परत सांगायचं, हे तिचं काम. ‘गाडी रडते’ म्हणजे बेल्ट सैल झालाय आणि ‘गाडी रुसलीय’ म्हणजे बॅटरी बसलीय, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. पण आता तिला जे सांगायचं होतं ते कुठल्याच भाषेत नीट बसत नव्हतं.

कंपनीचे साहेब फोनवर म्हणाले, "ग्राहकांना सांगा, घाबरण्यासारखं काही नाही. फक्त गाडी वापरू नका म्हणावं."

"मग वर्कशॉपपर्यंत आणायची कशी?"

"चालवत."

"म्हणजे वापरायचीच."

"आणण्यापुरती. ते वापरण्यात धरत नाहीत."

ताईने फोन लावायला घेतले.

"तुमच्या गाडीच्या इग्निशनमध्ये दोष आहे, तपासायला आणा," ती म्हणायची.

"पण माझी गाडी पहिल्या झटक्यात चालू होते."

"हो, तोच दोष आहे."

एका आजोबांनी विचारलं, "म्हणजे चालू होत नसेल ती गाडी चांगली?" ताई दिवसभर बोलून दमलेली होती, ती म्हणाली, "त्या दृष्टीने बघितलं तर, हो." आजोबा म्हणाले, "मग आमच्या धाकट्या भावाची गाडी फारच उत्तम म्हणायची," आणि त्यांनी समाधानाने फोन ठेवला.

सगळ्यात आधी आला तो दातांचा डॉक्टर. मंडईच्या मागच्या गल्लीत त्याचा दवाखाना. माणूस टापटीप, शर्टाला एक सुरकुती नाही. फोरमनने त्याची गाडी आत घेतली, आणि दोष खरंच आहे का ते बघायला खिशातून आपल्या घरच्या कपाटाची किल्ली काढून फिरवली. गाडी सुरू झाली. मग त्याने चहाच्या चमच्याचं टोक घातलं. गाडी त्यावरही सुरू झाली, उलट जरा जास्तच खुशीत सुरू झाल्यासारखी वाटली. डॉक्टरचे डोळे पांढरे झाले.

फोरमनने बॉनेट उघडून चासी नंबर वाचला. ताईने तो कॉम्प्युटरवर घातला आणि म्हणाली, "डॉक्टर, ही गाडी तुमची नाही."

"असं कसं? मीच चालवत आलो ना."

"हो, पण ही गणिताच्या क्लासवाल्या सरांच्या नावावर आहे."

डॉक्टर गाडीच्या मागे गेला आणि नंबरप्लेटकडे बघत उभा राहिला. एखादा माणूस रस्त्यात हाक मारतो, अगदी घरच्यासारखी चौकशी करतो, आणि आपल्याला त्याचं नाव आठवत नाही, तसा त्याचा चेहरा झाला होता. "नंबर मी कधी बघत नाही," तो म्हणाला. "पांढरी गाडी आणि मागच्या काचेवर कुत्र्याचं चित्र, एवढं बघतो आणि बसतो."

"चित्र तुम्ही लावलंत?"

"नाही. मला वाटलं बायकोने लावलं." त्याने तिथल्या तिथे बायकोला फोन केला. बायकोला वाटत होतं की त्याने लावलं. ते चित्र न आवडूनही एकमेकांचं मन राखायला दोघांनी इतकी वर्षं चालवून घेतलं होतं.

ताईने सरांना बोलावलं. सर आले ते बँडमधल्या ट्रम्पेटवाल्याच्या गाडीतून. ती ट्रम्पेटवाल्याची आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. ते फक्त एवढंच म्हणाले, की गाडी वळवली की सीटखाली काहीतरी घरंगळतं, आणि दोन मेकॅनिकना दाखवूनही ते सापडलं नाही. फोरमनने सीट उचलली तर खाली ट्रम्पेटचं तोंड, म्हणजे ओठांना लावायचा पितळी तुकडा. मग ट्रम्पेटवाल्याला बोलावणं धाडलं. तो आला दातांच्या डॉक्टरच्या गाडीतून.

अशी ती तिघांची साखळी नीट गोल फिरून बंद झाली. कशी झाली असेल हे ओळखायला फार डोकं लागत नव्हतं. मंडईपाशी एकच मोठं मैदान होतं, सगळे तिथेच गाड्या लावायचे. एकाच रंगाच्या, एकाच मापाच्या गाड्या, हातात पिशव्या, डोक्यात घरची कामं. किल्ली लागली की गाडी आपली. आणि किल्ली सगळ्यांना लागत होती.

"सोपं आहे," साहेब फोनवर म्हणाले. "प्रत्येक ग्राहकाने स्वतःची गाडी घेऊन यायचं. नंबर जुळल्याशिवाय कॉम्प्युटर नवं लॉक देणारच नाही."

"साहेब, स्वतःची गाडी त्यांच्याकडे नाहीये."

"मग ज्याच्याकडे आहे त्याने घेऊन यावं."

"त्याची पण त्याच्याकडे नाहीये."

साहेबांनी जरा विचार केला. "ठीक आहे. रविवारी सगळ्यांना एकदम बोलवा. मी जातीने येतो. ज्याने त्याने आपापली गाडी ओळखायची, बसायचं आणि जायचं. हाय काय आणि नाय काय."

पुढच्या दिवसांत अशा आणखी जोड्या आणि साखळ्या निघत गेल्या. ताई त्या कागदावर बाण काढून लावून ठेवत होती. शनिवारी संध्याकाळी सगळे घरी निघाल्यावर फोरमन काउंटरपाशी घुटमळला.

"ताई, तुमची गाडी पण त्याच लॉटमधली ना?"

"माझी ठीक आहे काका. ती बाबांची आहे."

फोरमन जागचा हलेना.

बाबांची गाडी म्हणजे काय चीज होती हे फोरमनलाही माहीत होतं. बाबांनी ती इथूनच घेतली होती, आणि घेतल्या दिवसापासून कुणाला हात लावू दिला नव्हता. दार लावताना आवाज झाला तर ते पुन्हा उघडून हळू लावायला सांगायचे. बसणाऱ्याने आधी बूट झटकायचे. पुढच्या सीटपाशी पॉलिशचा डबा आणि फडक्यांचा ढीग कायमचा ठेवलेला, त्यामुळे आईला पाय पोटाशी घेऊन बसावं लागायचं. ताईने एकदा गाडी शिकवा म्हटलं तर ते म्हणाले, "शीक ना, जरूर शीक. दुसऱ्या कुणाच्या गाडीवर." त्यांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हासुद्धा ते स्वतः गाडी चालवत हॉस्पिटलमध्ये गेले, कारण मामाच्या हातात स्टिअरिंग द्यायला ते तयार नव्हते. तिथून ते परत आले नाहीत. गाडी मामाने घरी आणली.

मग ताई रीतसर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन गाडी शिकली आणि बाबांची गाडी वापरायला लागली. पॉलिशचा डबा आणि फडकी दिसली नाहीत, ती आईने उचलली असतील असं तिने धरलं. पण बाबांची सीट तिने जशीच्या तशी ठेवली होती, मागे, पार मागे. पाठीशी उशी घेऊन, पाय ताणून ती कशीबशी क्लचपर्यंत पोचायची. दाराच्या कप्प्यात बाबांचा कंगवा होता, तो तिने कधी उचलला नाही. सिग्नलला थांबली की ती त्या कंगव्याशी दोन शब्द बोलायची. आज हे झालं, आज ते झालं. बाबा असताना ती त्यांच्याशी जितकं बोलली नसेल तितकं कंगव्याशी बोलली होती.

"बघू तर खरं," फोरमन म्हणाला आणि त्याने बॉनेट उघडलं.

नंबर वाचताना त्याचा आवाज बारीक झाला. ताईने तो कॉम्प्युटरवर घातला. गाडी होती ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांच्या नावावर.

तिने नंबर पुन्हा घातला. कॉम्प्युटरनेही पुन्हा मास्तरांचंच नाव दाखवलं. शहरातल्या निम्म्या गाड्यांचे नंबर तिला तोंडपाठ होते, आणि स्वतःच्या गाडीचा नंबर तिने पाठ केला होता तो त्याच गाडीच्या मागे उभी राहून. तो जुळणारच होता.

घरी जाताना ती कंगव्याशी एक अक्षर बोलली नाही. काय बोलणार, आणि कुणाशी?

आई टीव्हीसमोर भाजी निवडत बसली होती. ताईने चप्पल न काढताच सगळं सांगितलं. आईने मान वर केली नाही.

"मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"ह्यांची गाडी नाही हे. मामाने गाडी दारात आणली, मी बसून बघितलं तर माझे पाय सरळ झाले. ह्यांच्या गाडीत माझे पाय कधी सरळ झाले होते का?"

"मग बोलली का नाहीस?"

"आधी वाटलं, दिवस सरले की सांगू. तोवर तू त्या कंगव्याशी बोलायला लागलीस." आईने एक कुजकं पान बाजूला काढलं. "तुझं बरं चाललं होतं. मी कशाला मध्ये पडू?"

ताई खुर्चीत बसली. "म्हणजे तो कंगवा मास्तरांचा."

"मास्तरांना टक्कल आहे ना?"

होतं. चांगलं लखलखीत होतं. शिकताना ताईला उन्हाचा त्रास व्हायचा तो बाहेरून कमी आणि मास्तरांच्या डोक्यावरून जास्त.

"मग कुणाचा?"

"मामाचा," आई म्हणाली. "हॉस्पिटलमधून येताना विसरला. दोनदा विचारला त्याने, मी सांगितलं हरवला असेल. सीट पण त्यानेच मागे सरकवली. ताडमाड माणूस तो, त्याचे गुडघे स्टिअरिंगला लागत होते."

मामा म्हणजे आईचा भाऊ. दर महिन्याला जेवायला यायचा, टीव्ही मोठ्याने लावायचा, आणि ताईच्या लग्नाचा विषय काढला की ताई आतल्या खोलीत निघून जायची. त्या मामाला तिने इतकी वर्षं मनातलं सगळं सांगितलं होतं. मामाबद्दलच्या तक्रारीसुद्धा. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण रडू निम्म्यावर आलं आणि तिथेच त्याचं हसू झालं, आणि मग दोन्ही मिळून असा काही आवाज निघाला की आईने टीव्हीचा आवाज कमी केला.

"पाणी देऊ का?" आईने विचारलं.

रविवारी सकाळी वर्कशॉपचं आवार पांढऱ्या गाड्यांनी भरून गेलं. लोक घरच्यांना घेऊन आले होते. मालकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि ते उगाचच सगळ्यांना "या, या" करत होते. साहेब आले तेही त्याच लॉटच्या पांढऱ्या गाडीतून. कंपनीची माणसं कंपनीचीच गाडी वापरतात असं त्यांनी अभिमानाने सांगितलं, आणि गाडी रांगेतच लावली.

ते एका टायरवर चढून उभे राहिले. "प्रत्येकाने आपापल्या गाडीशेजारी उभं राहायचं."

सगळे ज्या गाडीतून आले होते तिच्याशेजारी उभे राहिले.

"आपापल्या म्हणजे कागदावरच्या."

मग चुळबुळ सुरू झाली. ताई बाणांचा कागद घेऊन एकेकाला त्याच्या खऱ्या गाडीपाशी नेऊन उभं करत होती. लग्नघरातला आहेर चुकीच्या पाहुण्याला गेल्यावर तो परत मागताना लोकांचे चेहरे होतात, तसे सगळ्यांचे चेहरे झाले होते. डॉक्टर आपल्या गाडीत बसला, त्याने कप्पा उघडला आणि आतून प्लॅस्टरचा दातांचा साचा बाहेर काढला.

"हा मी शोधत होतो," तो म्हणाला. "एका बाईंची कवळी बनवायची होती. त्या अजून माझ्या नावाने खडे फोडतात."

ट्रम्पेटवाला खिडकीशी वाकला. "तो तसाच राहू द्या ना. मला वाटलं गाडीबरोबरच येतो. कार्यक्रमाला निघताना मी त्याला हात लावून जातो, आजवर एक सूर चुकला नाही माझा."

"हे एका बाईंचे दात आहेत."

"असतील. पण शुभ आहेत," तो म्हणाला, आणि त्याने साचा परत कप्प्यात ठेवून दिला.

सर आपल्या खऱ्या गाडीत, म्हणजे कुत्र्याच्या चित्राच्या गाडीत, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. ताईने विचारलं तसे म्हणाले, "ताई, मला पाहुण्यासारखं वाटतंय. काहीच घरंगळत नाही. इतक्या शांत गाडीत मला झोप लागेल, अपघात होईल." मग हळूच म्हणाले, "चित्र माझ्या मुलीने लावलं होतं. ते गेलं तेव्हा ती खूप रडली. पाऊस लागून सुटलं असेल म्हणून मी तिची समजूत घातली." डॉक्टरने ते ऐकलं आणि आपण होऊन म्हणाला, की चित्र काढून देतो, पण गाडी मात्र मला द्या, माझ्या कमरेला हीच सीट मानवली आहे.

मास्तर सगळ्यात शेवटी आले. गाडीवर ड्रायव्हिंग स्कूलची पाटी, चारही कोपरे घासलेले, मागचा दिवा चिकटपट्टीने बांधलेला. ताई त्या गाडीकडे बघत राहिली. बाबा त्या गाडीला सुती फडक्याने पुसायचे, मग लोकरीच्या, मग तळहाताने.

मास्तरांना सगळं समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी टकलावरून हात फिरवला. "त्या दिवशी मी हॉस्पिटलमध्येच होतो," ते म्हणाले. "मुलगी झाली माझी. पेढे वाटायच्या नादात कुठल्या गाडीत बसलो ते बघतोय कोण? नवीनच होती, अजून पाटी पण लावली नव्हती. पुढे दुसरा ब्रेक बसवला तोही ह्याच गाडीत."

"मी तुमच्याकडे शिकले," ताई म्हणाली.

"हो तर. क्लच सोडायची घाई फार तुम्हाला."

"ह्याच गाडीवर?"

"आमच्याकडे एकच तर गाडी आहे."

ताईने दार उघडलं आणि ती बसली. स्टिअरिंगवरचं कातडं घामाच्या हातांनी गुळगुळीत झालं होतं. डॅशबोर्डवर नखांचे ओरखडे होते, काही खोल, घाबरलेल्या माणसांचे. मास्तर सवयीप्रमाणे शेजारी येऊन बसले आणि त्यांनी आपल्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवला. मागच्या सीटवर फडक्यांचं एक गाठोडं होतं. उंचीला कमी असलेल्यांच्या पाठीशी द्यायला ते बरं पडतं, मास्तर म्हणाले, गाडीतच सापडलं होतं. ताईच्या पाठीशीही ते होतं, शिकताना. बाबांनी शिकवायला नकार दिला होता, आणि ती शिकली ती बाबांच्या गाडीत, बाबांच्या फडक्यांना टेकून. तीच काय, निम्मं शहर शिकलं होतं. गिअर ओरबाडले, फुटपाथवर चढवली, खांबाला लावली, दारं आपटली. बाबांना हे कळतं तर त्यांच्या छातीत पुन्हा दुखलं असतं.

"एक चक्कर मारू?" तिने विचारलं.

"मारा की."

आवाराबाहेर काढून तिने गाडी चौकापर्यंत नेली. क्लच पार गेलेला होता, इंजिन कण्हत होतं, आणि तरी गाडी जात होती. वळणावर मास्तर म्हणाले, "क्लच, क्लच," आणि त्यांनी ब्रेक दाबला. ताईला एकदम बरं वाटलं. कशामुळे ते तिला सांगता आलं नसतं. ह्या गाडीत बाबा शोधायला जागाच उरली नव्हती. इतकी माणसं बसून गेली होती की शोधायचं म्हटलं तर आधी सगळ्यांना उठवावं लागलं असतं.

"मास्तर, ही तुम्हीच ठेवा," परत आल्यावर ती म्हणाली. "मला तुमची चालेल."

"मी तेच म्हणणार होतो," मास्तर म्हणाले. "तुमच्यावाल्या गाडीला दुसरा ब्रेक नाही, मला तिच्यात भीती वाटेल."

आवारात तोवर गोंधळ टोकाला गेला होता. खऱ्या गाडीत पाच मिनिटं बसून झाल्यावर एकेक जण गुपचूप उतरून आपल्या चुकीच्या गाडीत परत जाऊन बसला होता, आणि आता ती सोडायला कुणी तयार नव्हतं. साहेबांनी सगळ्यांना खाली उतरवून टायरभोवती गोळा केलं, समजावलं, मग दरडावलं, मग कंपनीच्या इभ्रतीची आठवण करून दिली. शेवटी त्यांनी हात टेकले.

"कागद म्हणजे कागद," ते म्हणाले. "उद्यापर्यंत अदलाबदल झाली नाही तर एकालाही लॉक मिळणार नाही. बसा चमचे घेऊन." आणि ते तरातरा रांगेत गेले, गाडीत बसले, आणि निघून गेले.

सगळे फाटकाकडे बघत राहिले.

"साहेब रागावले वाटतं," मालक म्हणाले.

"रागावले ते ठीक आहे," ट्रम्पेटवाला म्हणाला, "पण माझी गाडी घेऊन गेले." मग त्याने डॉक्टरकडे बघून चूक सुधारली, "म्हणजे, तुमची."

साहेबांची गाडी रांगेत तशीच उभी होती. आत कोट टांगलेला. मालकांनी घाईघाईने फोन काढला, पण ताईने त्यांना थांबवलं. "राहू द्या," ती म्हणाली. "त्यांचा येईल."

चहा मागवला. लोकांनी खुर्च्या बाहेर आणल्या, पोरं गाड्यांमधून पळापळी खेळायला लागली. चहा संपून दुसरा सांगेपर्यंत फोन वाजला. साहेबांचा आवाज कुजबुजल्यासारखा येत होता.

"ताई, माझ्या गाडीत कुणाचे तरी दात आहेत."

"हो साहेब. एका बाईंचे."

"आणि माझा कोट नाहीये."

"कोट इथे आहे. तुमच्या गाडीत."

तिकडे कुणीतरी जोरात हॉर्न वाजवत होतं. "मी मोठ्या रस्त्यावर आहे," साहेब म्हणाले. "कुणी मला ह्या गाडीत बघितलं तर बरं दिसणार नाही. दोषाच्या तपासणीला आलेला माणूस..." ते थांबले. "हे अजून वर कुणाला कळवलंत का?"

"अजून नाही."

मग साहेब नेहमीच्या आवाजात, पाठ केल्यासारखे बोलले. कंपनीच्या नियमांत एक सोय होती म्हणे. दोन्ही बाजू राजी असतील तर ज्याच्या ताब्यात जी गाडी, तीच त्याच्या नावावर चढवता येते. त्यासाठी काय करावं लागतं ते साहेब स्वतः बघणार होते, आणि आजच्या आज बघणार होते. आठवडाभर ही सोय कुठे होती हे ताईने विचारलं नाही.

कागद झाले, आणि पुढच्या महिनाभरात सगळ्या गाड्यांना नवी लॉकं बसली, चांगल्या कडक दात्यांची. आता हे सगळं मिटायला हवं होतं. पण लोकांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची गाडी शोधायची वेळ आली. काउंटरचा फोन दिवसभर वाजायचा.

"ताई, नवं लॉक खराब आहे. किल्ली फिरतच नाही."

"कुठे आहात?"

"मंडईच्या मैदानात."

"नंबर वाचून दाखवा बघू."

मग पलीकडून नंबर यायचा, आणि ताई सांगायची की ही गाडी क्लासवाल्या सरांची आहे, तुमची बहुतेक डावीकडे असेल. डॉक्टर एकदा उन्हात तासभर एका गाडीच्या दाराशी झटापट करत होता. शेवटी त्या गाडीचा मालक आला, तोही आधी दुसऱ्याच गाडीशी झटापट करून आलेला. कंपनीकडे तक्रारी गेल्या, की जुनी लॉकंच बरी होती. साहेबांनी त्यांचं काय केलं ते कळलं नाही. ते परत या बाजूला फिरकले नाहीत.

मामा जेवायला आला तेव्हा ताईने त्याचा कंगवा त्याच्या हातात ठेवला. मामाने तो उजेडात धरून बघितला, दात्यांवरून अंगठा फिरवला, आणि म्हणाला, "सापडला होय? कुठे होता?" ताई म्हणाली, "गाडीत." मग तिने त्याला वाढलं, आणि लग्नाचा विषय निघाला तरी ती उठून आत गेली नाही. तिने नुसतं म्हटलं, "मामा, ते मी तुला सगळं सांगून झालंय." मामाला काही कळलं नाही, पण त्याने विषय सोडून आमटी मागितली. आई आमटीत मीठ कमी आहे का ते बघत असल्यासारखं करत होती.

त्यानंतर आई रोज सकाळी कुठेतरी जायला लागली. विचारलं तर म्हणायची, पाय मोकळे करायला. ताईलाही ते पटलं, कारण पायांचा विषय तिला माहीत होता.

एका सकाळी वर्कशॉपसमोरच्या रस्त्यावर हॉर्नचा गदारोळ उठला. ताई काउंटर सोडून फाटकापाशी आली. रस्त्याच्या मधोमध ड्रायव्हिंग स्कूलची गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत होती, आणि तिच्यामागे ट्रक, रिक्षा, सायकली, अशी लांबच लांब रांग तुंबली होती. स्टिअरिंगमागे आई होती. पाठीशी फडक्यांचं गाठोडं, मान ताठ, नजर समोर. शेजारी मास्तर, एक पाय ब्रेकवर आणि हाताची मूठ घट्ट आवळलेली.

वर्कशॉपपाशी येऊन गाडी बंद पडली. मागचे सगळे हॉर्न एकदम वाजले. आईने काच खाली केली.

"डबा विसरलीस," ती म्हणाली, आणि खिडकीतून डबा बाहेर धरला.

ताईने तो घेतला. मास्तरांनी खालच्या आवाजात क्लचबद्दल काहीतरी सांगितलं. आईने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही, किल्ली फिरवली, आणि गाडी तीन उड्या मारून पुढे गेली.